रसिकमान्य नसलेली रोवणी

आमच्या लोहनाद वाद्यवृंदात अकरा वादक आहेत आणि दरवर्षी जानेवारीत भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये आमचा वार्षिक कार्यक्रम होतो. यमन, भूप, दुर्गा, चहा, भैरवी. एकोणीस वर्षांत हा क्रम बदललेला नाही. कार्यक्रमपत्रिकेचा मूळ कागदही तोच आहे. तारखेवर दरवर्षी पांढरी शाई लावून नवी तारीख टाकतात, त्यामुळे ती जागा आता बोटाला उंचवट्यासारखी लागते.

मी देवेंद्र बोपचे. हार्मोनियम वाजवतो आणि निवड समितीचा सचिव आहे. इथल्या पोलाद प्लांटच्या तपासणी विभागात बत्तीस वर्षं काढली. ठरल्याहून वेगळं काही निघालं की त्यावर लाल खूण करायची, हे माझं काम. निवृत्तीनंतर हा सगळा अनुभव मी संगीताच्या सेवेत लावला.

ऑगस्टच्या बैठकीत यामिनीने अडचण उभी केली. ही भिलाईतल्याच जुनवानी वस्तीतली मुलगी शाळेत गणित शिकवते आणि आमच्यात व्हायोलिन वाजवते. तिची आजी गयाबाई मूळची तिरोड्याकडची. तरुणपणी चिखलात धान रोवताना ती गात असे. त्या चालींवरून यामिनीने नऊ मिनिटांची एक रचना बांधली होती. नाव ‘रोवणी’. ताल साडेनऊ मात्रांचा.

“अर्धी मात्रा?” तबलजी ओमप्रकाश दचकला. “हाफ डे टाकून राहिली का वो?”

मी नियमावली उघडली. सादर होणारी रचना रसिकमान्य असली पाहिजे, आणि रसिकमान्य म्हणजे आमच्या मंचावर किमान तीनदा वाजलेली.

“पर काका, पहिल्यांदा वाजवूच नाही दिलं तर तीनदा कसं होईन?”

“त्याची नियमात तरतूद नाही.”

“आजी ब्याऐंशीची आहे. तिले एकदा ऐकवायचं आहे, बस.”

“अर्जात वयाचा रकाना नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

आमचे अध्यक्ष विद्याधरजी सतार वाजवतात आणि कोणाला दुखवत नाहीत. त्यांनी रसिकांचा कौल घ्यायचं सुचवलं. नव्वद रसिकांना छापील प्रश्नावली गेली. ‘काही नवीन ऐकायला आवडेल का?’ या प्रश्नाला चौऱ्याऐंशी जणांनी ‘होय’ लिहिलं. ‘असल्यास काय?’ या प्रश्नाला एकोणऐंशी जणांनी ‘यमन’ लिहिलं.

जनमताचा मान राखून समितीने धाडस केलं. गणपतीतल्या छोट्या कार्यक्रमात भूप आधी घेतला आणि यमन नंतर. मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या ललिताबाई तडक माझ्याकडे आल्या.

“भूपात माझा डोळा लागते न भाऊ! आज भूप पहिलाच घेतला, मी अजून चप्पल काढून राहिली होती.”

समितीने लेखी दिलगिरी व्यक्त केली आणि यमन पूर्वपदावर आणला. नावीन्याचा प्रयोग करून पाहिला, तो फसला, अशी नोंद मी स्वतः इतिवृत्तात केली. यामिनीने दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला.

“अहो, कावून अडवून राहिले तुम्ही त्या पोरीले?” माझी बायको शैला चहा ठेवता ठेवता म्हणाली.

“नियम आहे.”

“नियम आहे का जमत नाही? आठ दिवसांपासून दार लावून काय वाजवून राहिले होते, मले ऐकू नाही येत का?”

रोवणीची प्रत मी बैठकीतून घरी आणली होती. तिसऱ्या ओळीपुढे माझा हात जात नव्हता. यमन माझी बोटं आपापली वाजवतात, मी तेव्हा जेवणाचा विचार करू शकतो. इथे ऐकावं लागत होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी नंदिनी नगरच्या एका हॉलमध्ये यामिनीने रोवणी ठेवली. ती, बासरीवाली नीतू आणि तबल्यावर मोहित. अकरा वाद्यांचं काम तिघांवर. मी निरीक्षणासाठी गेलो, शेवटच्या रांगेत, वही घेऊन.

गयाबाई समोर खुर्चीवर होती. दोनेक मिनिटांत तिचे हात हलू लागले. वाकून ती हवेतच रोपं लावू लागली. मग एकदम, कुठलीही मात्रा न पाहता, तिने गायला सुरुवात केली. मोहितने यामिनीकडे पाहिलं. यामिनीने गज थांबवला. तिघंही म्हातारीसाठी थांबले आणि तिच्या श्वासाबरोबर पुन्हा निघाले. तेव्हा ती अर्धी मात्रा कुठून आली ते मला कळलं. चिखलातून पाय उपसायला तेवढाच वेळ लागतो. माझी आईही हेच करायची. बांधावर बसून मी ते पाहिलं होतं आणि साफ विसरलो होतो.

वहीत मी काहीही लिहिलं नाही. शेवटी उभा राहिलो. निरीक्षक म्हणून उभं राहणं आवश्यक होतं, असं मी शेजाऱ्याला सांगितलं. त्याने मला रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी मी जुनवानीला गेलो.

“मले शिकव.”

“अन् नियम, काका?”

“मले येत नव्हतं, म्हणून होता तो.”

ती हसली नाही. तिने हार्मोनियम पुढे सरकवला आणि पहिली ओळ लावली. त्या आठवड्यात मी समितीपुढे नियम रद्द करण्याचा ठराव मांडला. विद्याधरजी म्हणाले, “मलेही कंटाळा आला होता हो, पण तुम्हाले वाईट वाटीन म्हणून बोललो नाही.” बाकी सगळ्यांचंही तेच होतं. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांची मनं जपत यमन वाजवत होतो.

जानेवारीत रोवणी वाजली. मी दोन ठिकाणी घसरलो. बारा जण मधूनच उठून गेले, काही जण शेवटी उठून उभे राहिले, आणि गयाबाईने मंचावर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. रियाजाला वेळ हवा, म्हणून मी समिती सोडली.

येत्या रविवारी सहा वाजता सेक्टर 2 मध्ये पुढचा कार्यक्रम आहे. सगळंच नवीन, प्रवेश मुक्त. इथपर्यंत आम्हाला हसत आलात, म्हणजे तुम्हालाही नवीन आवडतं, तेव्हा जरूर या.

काय वाजणार आहे, ते आधी कळलं तर बरं, असं वाटलं ना?

समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करा.