सामंतभाऊंचं मडकं

सामंतभाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी तुळशीच्या कुंडीचा टवका काढून तोंडात टाकला. आईला वाटलं, माणूस भारीच भाविक आहे.

"करकर कमी. रेती आखडती घेतलीय लेकाने," असं कुंडी घडवणाऱ्याला त्याच्या पाठीमागे सुनावून भाऊ चहाला लागले.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतले हे निवृत्त कारकून. मातीशी त्यांचा संबंध आला तो मडकं फोडण्यापुरता. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी माहेराहून, मालवणाकडून आणलेलं मडकं भाऊंच्या हातून फुटलं. बांगड्याची आमटी त्यातच व्हायची. घडवणारा कुंभार तर केव्हाच गेलेला. "मडकाच ता, कधीतरी फुटतलाच," एवढंच वहिनी म्हणाल्या. पण आमटी स्टीलच्या टोपात गेली आणि वहिनींचं जेवण निम्म्यावर आलं. भाऊंना ते खुपलं. त्या मातीत काय काय होतं ते हुडकायचं आणि तस्संच मडकं घडवून घ्यायचं, असं त्यांनी मनावर घेतलं.

झालं! जो भेटेल त्याचा माठ धोक्यात. "चाखल्याशिवाय बोलू नये, रे!" हे वर. एकदा त्यांनी वहिनींच्या त्या फुटक्या मडक्याच्या खापरीवर लिंबू पिळलं आणि गॅलरीभर ओरडत सुटले, "फसफसलं! आत शिंपल्या आहेत, शिंपल्या!" मग चाळीतल्या घराघरांतून खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या गोळा झाल्या. वासाने आसपासची झाडून सगळी मांजरं आमच्याकडे मुक्कामाला आली.

धारावीच्या एका कुंभाराने पहिलं मडकं भाजून दिलं. चार दिवसांत त्याचे पोपडे उडाले, कारण शिंपल्यांची पूड जाडी राहिली होती. पुढच्या खेपेला भाऊंनी ती वहिनींच्या मैद्याच्या चाळणीतून गाळली. वहिनींनी चाळणी फेकून दिली. भाऊंना ठेवलं.

दुसरं मडकं टिकलं. आमटीला मलाही बोलावणं आलं. भाऊ पहिल्या घासानंतर जेवायचं सोडून वहिनींच्या तोंडाकडे बघत बसले.

"अगदी तशीच लागता हां!" म्हणत वहिनींनी पुन्हा भात वाढून घेतला.

मी चाखली. निव्वळ चिखल! तरी मीही "वा!" म्हणालो.

भाऊ मला जिन्यापर्यंत सोडायला आले.

"नाही जमलं रे. मातीची चव लागते."

"मग आणखी एक करून बघा की."

"नको." त्यांनी आवाज खाली आणला. "माझं मन राखायला दोनदा भात घेतला तिने. पुन्हा चुकलं तर बिचारीला पुन्हा तेवढं जेवावं लागेल."