बेरोजगार झाड

शहरात मंदी आली असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये, असं महापालिकेने जाहीर केलं तेव्हा आम्ही पहिल्यांदा घाबरलो. तोवर फक्त नवऱ्याची नोकरी गेली होती. तो पंपांच्या कारखान्यात फिटर होता. कारखान्याला टाळं लागलं आणि आमच्या घरातला एकूण एक नळ गळायचा थांबला. नळ संपल्यावर त्याने घड्याळ उघडलं. सासूबाईंनी आपला चष्मा उशीखाली लपवला.

महापालिका मात्र हातावर हात धरून बसली नाही. लोकांना काम हवं आणि शहराला हिरवाई हवी, तर दोन्ही एकाच खड्ड्यात लावावं, या विचारातून ‘एक रोप, एक नोकरी’ अभियान निघालं. रोप जगेल तोवर पगार चालू. नवऱ्याची नेमणूक झाली कंत्राटी वृक्षपालक म्हणून. शेजाऱ्यांना सांगताना सासूबाईंनी त्यातलं ‘कंत्राटी’ तेवढं गाळलं.

अडचण एकच होती. रोप लावायला शहरात जागा नव्हती. जिथे डांबर नव्हतं तिथे काँक्रीट होतं, आणि जिथे दोन्ही नव्हतं तिथे आधीच झाडं उभी होती. उदाहरणार्थ, आमच्या खिडकीसमोर.

आमची खोली पश्चिमेची. आमची मुलगी चिंगी तीन वर्षांची, आणि उन्हाचा तडाखा बसला की तिच्या नाकाचा घोळणा फुटतो. डॉक्टरांनी तिला थंडाव्यात ठेवायला सांगितलं होतं. एसी आमच्याकडे नव्हता, झाड होतं. दुपारी त्याची सावली गादीवर कुठवर येते ते पाहून मी तिची उशी सरकवत असे.

हरित विकास अधिकारी पाहणीला आले ते गाडीचं इंजिन चालू ठेवून. आतला गारवा जाऊ नये म्हणून. मी चिंगीला कडेवर घेऊन खाली गेले. त्यांनी झाडाला एक फेरी मारली आणि मला विचारलं,

“या झाडाकडे माणसं किती कामाला आहेत?”

“झाडाकडे? कोणीच नाही.”

“पाणी कोण घालतं?”

“त्याचं ते पितं.”

खत, कुंपण, देखरेख. मी प्रत्येक वेळी मान हलवत गेले आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

“म्हणजे बाई, ऐन मंदीत हे झाड एवढी जागा अडवून बसलंय, आणि एकाच्याही हाताला काम देत नाही.”

मी सावलीबद्दल सांगितलं, चिंगीच्या नाकाबद्दलही. माणूस कनवाळू होता. त्यांनाही मुलगी होती. पण सावली आपोआप पडते, आणि जे आपोआप होतं त्याला विकास म्हणता येत नाही, असं त्यांनी मला समजावलं. रहिवाशांची हरकत असेल तर मात्र झाडाला हात लागणार नव्हता.

जेवताना मी विषय काढला. नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला, “हरकत घे. मग माझं रोप दुसऱ्याला देतील.” सासूबाईंनी खिडकीला जाड पडदा लावायचं सुचवलं. मी हरकत घेतली नाही.

झाडाने जाता जाता मात्र पुष्कळांना काम दिलं. करवतवाले, दोरवाले, ओंडके उचलणारे, आणि हळहळणाऱ्यांना लांब ठेवणारा एक. मग तिथे पेन्सिलीएवढं रोप लागलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, चिंगीचे हात धरून.

रोप दुपारीच मान टाकू लागलं. तज्ज्ञ आले. त्यांनी निदान केलं की या जागेवर सावली नाही. कोवळं रोप मोठ्या झाडाच्या आडोशाला असावं, पण मोठं झाड जवळपास उपलब्ध नव्हतं. म्हणून छत्रधारक हे नवं पद निघालं. नवऱ्याला बढती मिळून तो हिरवी छत्री धरून रोपाशेजारी उभा राहू लागला. भोवळ येऊन पडला, तेव्हा छत्रधारकावर छत्री धरायला दुसरा छत्रधारक नेमण्यात आला. हरित रोजगार दुप्पट झाला. पाहायला परगावची शिष्टमंडळं आली.

जाड पडद्याआड आमची खोली भट्टीसारखी तापत होती. एका दुपारी चिंगीच्या फ्रॉकवर रक्ताचे थेंब दिसले. मी तिला उचललं आणि थेट खाली नेऊन छत्रीखाली उभं केलं. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, छत्री जरा तिच्याकडे कलती केली. रोपाचं एक पान लगेच वाळलं.

नेमके तेव्हाच अधिकारी आले.

“ही सावली रोपासाठी मंजूर आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “रोप गेलं तर नोकरी गेली, बाई.”

नवऱ्याने छत्री सरळ केली. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. चिंगीच्या चेहऱ्यावर ऊन आलं.

“बाबा, मी रोप होऊ?” तिने विचारलं.

मी शिकलेली बाई आहे. दुसऱ्या दिवशी मी तिला हिरवा फ्रॉक घातला, रोपाशेजारी हातभर खड्डा केला आणि तिला गुडघ्यापर्यंत मातीत उभं केलं. अधिकाऱ्यांनी गाडीतूनच काच खाली करून पाहिलं.

“हे दुसरं कोणाचं?”

“आमचंच,” मी म्हटलं.

“वाढ उत्तम आहे,” ते म्हणाले, आणि तिच्यासाठी वेगळी छत्री मंजूर झाली. अट एवढीच की रोपाने जागा सोडायची नाही.

आता तिचा घोळणा फुटत नाही. दुपारचा भात मी तिला तिथेच भरवते. येणाऱ्याजाणाऱ्या आया थबकतात. सुरुवातीला मला वाटायचं, आता या मला बोल लावणार. पण त्या जवळ येऊन, मुलाचा हात घट्ट धरून, हळूच विचारतात की आणखी एखादा खड्डा मिळेल का.

मी त्यांना विचारते, तुमच्या खिडकीसमोर झाड आहे ना अजून? मग आहे की जागा.