भिवाकाकांची मेंदूची गोळी

"घेतली रेऽऽ! गोळी घेतली! कोन येतो?"

दिवेलागणीला ही आरोळी उठली की सरावलीच्या आमच्या चाळीत पळापळ व्हायची. आरोळी अशी, की वाणगावला थांबलेल्या गाडीने गार्डाची शिट्टी समजून सुटावं.

आम्ही साताऱ्याकडून तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर आलेले. शेजारचे भिवाकाका मात्र इथलेच. काकू गेल्या आणि त्यांची झोप उडाली, जेवण सुटलं. पालघरच्या डॉक्टरांनी मेंदूवरची एक नवी गोळी दिली. तिचं नाव एवढं लांब, की बोईसरला म्हणायला घेतलं तर पालघरला संपायचं. डॉक्टर म्हणाले होते, "पहिले काही दिवस चक्कर येईल. गोळीनंतर तासभर कुणीतरी जवळ असू दे." काकांनी त्यातले 'पहिले काही दिवस' दवाखान्यातच ठेवले आणि उरलेलं घरी आणलं. वर्ष उलटलं तरी चक्कर यायचीच. समोरचा उठू लागला की हमखास!

ओट्यावर दोन स्टुलं. एकावर काका, पाण्याचा हंडा धरावा तसं डोकं धरून.

"बघ रे, मेंदू सरकतोय. डाव्या अंगाला आला ना?"

"थोडासा, काका."

"मंग बोल कायतरी. बोललास की जागेवर येतो."

मी आमच्या रेड्याने ट्रक ओढल्याचं सांगायचो. काका लगेच घोळ मासा काढायचे, ज्याच्या पाठीवर म्हणे तारापूरचा बाजार भरला होता. मधेच थांबून म्हणायचे, "गोष्ट हितं आली की तुजी काकू उठून जायची."

चाळीने पाळ्या लावल्या होत्या. बायको कुरकुरायची, "गोळी त्यांनी खायची आणि चक्कर आपल्याला!" सुटकेची वाट मीही बघत होतो.

गोळ्या संपल्या तशी काका धुतलेला सदरा घालून पालघरला गेले.

त्या संध्याकाळी आरोळी आलीच नाही. दिवे लागले. चाळीत कुणी मोठ्याने बोलेना. सगळ्यांचे कान ओट्याकडे. शेवटी मीच गेलो. काका नुसते बसले होते. डोक्याला हात नव्हता. दुसरं स्टूल घरात नेऊन ठेवलेलं.

"काका, आजची गोळी?"

"डॉक्टरनं बंद केली."

मी स्टूल आणायला आत वळलो.

"राऊ दे," काका म्हणाले. "बरा झालो मी."