उंबऱ्यातलं निळं कपाट

ब्रश कसा धरायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मोबाईलवर अकरा व्हिडिओ बघितलेत मी! त्यामुळे जुन्या बाजारातून आणलेलं ते काळपट, छातीभर उंचीचं, दोन दारांचं कपाट बघून बायकोने नाक मुरडलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "रविवारी ओळखूसुद्धा येणार नाही तुला!"

रविवारच का? तर त्या दिवशी सासरे येणार होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. बोलणं मोजूनमापून. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी कधी "छान" म्हटलेलं नाही. एकदा मी भिंतीत खिळा ठोकला होता. त्यांनी तो न बोलता उपटला आणि पुन्हा ठोकला! या वेळी मात्र "छान" वदवून घ्यायचंच, असा मी विडाच उचलला होता.

बायको त्यांना आणायला बसस्टँडवर गेली आणि मी कामाला लागलो. कपाट घासलं, ऑइलपेंटचा डबा उघडला. वासाने डोकं गरगरायला लागलं. हवा कुठे येते? दारात! फरफटत कपाट उंबऱ्यात नेलं. मापाने केल्यासारखं बसलं. दोन्ही बाजूंना जेमतेम ब्रश शिरेल एवढी फट. तोंड माझ्याकडे, पाठ जिन्याकडे. पाठ रंगवलीच नाही. तिकडे बघतंय कोण? बाहेरून बाकी सगळीकडे झक्क निळा हात मारला.

मागे सरून बघितलं. अहाहा! सासऱ्यांच्या वतीने मीच मनात तीनदा "छान" म्हणून घेतलं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

"अहो, हे काय? आम्ही आत कसं यायचं?"

"हात लावू नकोस! ओलं आहे!"

"वाळणार कधी?"

मी डबा फिरवून वाचला. "उद्या सकाळी."

कपाटावरून बायकोचा चेहरा दिसत होता. दिसला नसता तर बरं झालं असतं.

"अहो," ती आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा सहा तास बसमध्ये होते. बस वाटेत कुठे थांबली नाही. समोरच्यांच्या दाराला कुलूप आहे. कळतंय का काही?"

कळलं! तिच्यामागे सासरे या पायावरून त्या पायावर होत होते.

आता रंगावर पंजे उमटणार, म्हणजे माझं "छान" गेलंच! पण करतो काय? दोन्ही हात टेकवून जोर लावला. कपाट ढिम्म! घाम फुटला तरी तसूभर हलेना. मग लक्षात आलं, पलीकडून बायकोही ढकलतेय. नऊ वर्षांच्या संसारात आमचा जोर पहिल्यांदाच सारखा निघाला.

"सरका दोघंही," सासरे म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. लोक पाहुणे म्हणून जाताना टॉवेल नेतात, हे स्क्रूड्रायव्हर नेतात! "जावईबापू, दारं उघडा. मधली फळी काढा."

मी निमूटपणे फळी काढली. पलीकडे आठ स्क्रू भराभर सुटले, पाठीचा प्लायवूड बाजूला झाला, आणि जिन्यातून कपाटात शिरलेले सासरे रांगत रांगत आमच्या बैठकीत उतरले! टकलावर निळा पट्टा. माझ्याकडे न बघता ते सरळ बाथरूमकडे धावले. मागोमाग पिशवी ओढत बायको रांगत आली. तिने मात्र माझ्याकडे बघितलं.

बऱ्याच वेळाने सासरे बाहेर आले. चेहरा शांत. कपाटापाशी गेले, वाकले, आतून हात फिरवला. मी मागोमाग गेलो.

"छान," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं! "खरंच, बाबा?"

"पाठ काय बसवलीय! इतकी वर्षं झाली, पण एकाही स्क्रूला गंज नाही. सुतार छान होता."

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे गदागदा हलत होते.

"आणि... रंग?" मीही चिवट!

त्यांनी टकलावरून हात फिरवला. "पक्का आहे. तीनदा साबण लावला, निघत नाही."

नऊ वर्षांत एवढं कौतुक पहिल्यांदाच झालं होतं. मी ते गुपचूप पदरात पाडून घेतलं.