न्हाव्याची साक्ष

आज गुरुवार आहे, एवढं साधं वाक्य विष्णुपंतांसमोर बोलायची चोरी होती. चष्मा कपाळावर चढवून ते शांतपणे विचारत, "पुरावा काय?" पंगतीत यजमानाने श्रीखंड संपल्याचं सांगितलं, तर पंत पातेलं बघायला उठत. त्यांच्याकडे सुपारी सोलायला येणारी कोंडी एकदा म्हणाली, "पंत, काल मी आजारी व्हते."

"पुरावा काय?"

"काल सुपारी सोललेली दिसतेय का कुठं? मंग आनखीन काय पुरावा देऊ?"

पंतांनी कपाळावरचा चष्मा परत नाकावर उतरवला. तसं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

मुंबईच्या इन्कमटॅक्स कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून पंत चौलला आपल्या घरी परतले होते. बायको कधीच गेलेली, एकुलता एक मुलगा मुंबईत. मी शेजारी आणि त्यातून शाळामास्तर, म्हणजे हक्काचा श्रोता. नव्या कायद्यातलं एक कलम त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. घर विकून नफा झाला की त्यावर कर. मात्र विकण्याआधी दोन वर्षं तुम्ही स्वतः तिथे राहत असलात, आणि वर्षभरात त्या पैशातून स्वतःला राहायला दुसरं घर घेतलंत, तर कर माफ. "स्वतःला राहायला," पंत बोट आपटून सांगत. "सगळी मेख तिथे आहे, मास्तर."

नागावच्या एका बागायतदाराने घर विकलं, तेव्हा इन्कमटॅक्सच्या साहेबाला शंका आली की हा गृहस्थ मुळात मुंबईच्या दुकानातच राहतो. त्याच्या वतीने गेलेल्या पंतांनी कागद नेले नाहीत, गावचा न्हावी नेला. "साहेब, माणूस जेवतो कुठेही, निजतो कुठेही. पण हजामत राहत्या घराच्या ओटीवरच करतो. विचारा याला." न्हाव्याने दोन वर्षांचे रविवार घडाघडा सांगितले. कुठल्या रविवारी वस्तरा लागला तेही सांगितलं. साहेबाने स्वतःच्याच गालावरून हात फिरवला आणि माफी मंजूर केली.

पुढे पंतांनी स्वतःचंच घर विकलं. मुलाला मुंबईत ब्लॉक हवा होता. घराला भाव चांगला आला, ब्लॉक पंतांच्याच नावावर घेतला. कराचं पत्रक भरताना मी शेजारी बसलो होतो. नवीन घर स्वतःच्या राहण्यासाठी घेतले काय, या रकान्यापाशी टाक थांबला.

"लिहा की 'होय'," मी म्हटलं. "नाव तुमचं, मुलगा तुमचा. कोण बघायला येतंय?"

"पुरावा काय, मास्तर?"

कोटाच्या खिशातून त्यांनी मुलाचं पत्र काढलं. मागच्या बाजूला त्याने हौसेने ब्लॉकचा नकाशा काढला होता. पलंग, कपाट, शिवणाचं मशीन, नातवाचं टेबल, त्याच्या सासूबाईंची खाट, सगळ्यांवर नावं घातली होती.

"यात माझी खाट कुठे आहे, दाखवा."

मी कागद दोनदा फिरवून पाहिला. मग माझ्याच्याने वर बघवेना.

पंतांनी वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलं आणि सगळाच्या सगळा कर भरला. "पोराची सोय झाली, ते महत्त्वाचं," म्हणाले. आवाज एरवीसारखाच ठाम होता.

घराचा ताबा द्यायचा दिवस उजाडला. पंतांनी अलिबागेत भाड्याची एक खोली पाहून ठेवली होती. हातात एक ट्रंक घेऊन निरोप घ्यायला आमच्याकडे आले.

"पंत, आमची पडवी रिकामीच आहे," मी म्हटलं. "आजपासून तुम्ही इथे राहायचं. तुम्ही या घरचेच."

सवयीने चष्मा कपाळावर गेला. मी त्यांना विचारू दिलं नाही, नुसतं ओटीकडे बोट केलं. रविवार होता. त्याच न्हाव्याला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पाट मांडून, वाटीत पाणी घेऊन तो पंतांची वाट बघत बसला होता.

पंतांनी ट्रंक खाली ठेवली, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पाटावर जाऊन बसले. न्हाव्याने पाणी लावायच्या आधीच त्यांचे गाल ओले झाले होते.