दोन शिजिमिया आणि एक ‘राहू द्या’

"कुठेही चालेल," तोकिको म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गॅलरीत निघून गेली.

कुवाबारासान बसल्या जागी गोंधळले. बायको "कुठेही चालेल" म्हणते तेव्हा नेमकं कुठे चालत नाही, हे ओळखायचं असतं एवढं त्यांना लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलं होतं. त्यापुढचं मात्र कळलं नव्हतं. सगळा जन्म पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत काढला माणसाने! प्रवासाला निघायचं म्हटलं की तिकीट आपोआप हातात यायचं, हॉटेल आपोआप समोर उभं राहायचं आणि मोजे बॅगेत आपोआप सापडायचे. हे सगळं तोकिको करते, हा शोध त्यांना निवृत्त झाल्यावर लागला.

आणि आता तोकिकोने स्पष्टच सांगितलं होतं. "ही एक सहल तुम्ही ठरवायची. नीट पार पडली तर बरंच आहे. नाही पडली, तर यापुढे मी आपली मित्सुकोबरोबर फिरेन. तुम्ही घरी टीव्ही बघा."

मित्सुको म्हणजे तोकिकोची धाकटी बहीण. वसंतात दक्षिणेला जायचं म्हणून ती आत्तापासून तोकिकोच्या मागे लागली होती. कुवाबारासानना टीव्ही फारसा आवडत नसे. शिवाय खरं सांगायचं तर तोकिको घरात नसली की त्यांना घर खायला उठायचं. पण हे असलं बोलतं कोण?

खूप डोकं खाजवल्यावर त्यांना आठवलं, की नव्या नवलाईच्या दिवसांत आगगाडीतून जाताना सुवाचं तळं दिसलं होतं आणि तोकिको म्हणाली होती, "एकदा उतरून बघायला हवं हो." झालं! तळ्याकाठी, गरम झऱ्याचं, जुन्या वळणाचं विश्रामगृह. तळ्याकडेच उघडणारी खिडकी. ठरलं एकदाचं.

जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. तळ्याकाठी शिजिमिया नावाची नामांकित जागा होती. तळ्यातल्या बारीक शिंपल्यांचं सार हे तिथलं वैशिष्ट्य. कुवाबारासाननी घसा साफ करून फोन लावला. मालकीणबाईंनी आधी नाव, नंबर, तारीख लिहून घेतली आणि मग हळहळल्या.

"तळ्याकडच्या खोल्या सगळ्या भरल्या हो. मागच्या बाजूची एक आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, पण शांत आहे अगदी. मग, तीच तुमच्या नावावर...?"

कुवाबारासानना "नको" म्हणवेना. इतक्या गोड बोलणाऱ्या बाईला तोंडावर नको कसं म्हणायचं?

"राहू द्या," ते नम्रपणे म्हणाले.

"हो हो, राहू देते," मालकीणबाई त्याहून नम्रपणे म्हणाल्या. दोघांनी फोनवरच एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि विषय संपला.

मग नकाशात त्यांना शेजारीच आणखी एक शिजिमिया दिसली. मालक असलेल्या दोन भावांचं कधीकाळी फाटलं होतं. तेव्हापासून एक स्वतःला ‘मूळ शिजिमिया’ म्हणवायची आणि दुसरी ‘अस्सल शिजिमिया’. मधे फक्त गाड्या लावायची जागा. पहिला फोन गेला होता मूळला. अस्सलमध्ये तळ्याकडची खोली मिळाली, आणि कुवाबारासान त्या दिवशी घरात शीळ घालत हिंडले.

ठरल्या दिवशी ते सुवाला उतरले. तिथे फलाटावरच गरम पाण्यात पाय सोडून बसायची सोय आहे. तोकिकोने लगेच मोजे काढले.

"तुम्ही विश्रामगृहाची गाडी आलीय का बघा. मी बसते जरा."

कुवाबारासान दोन्ही बॅगा घेऊन बाहेर आले आणि बघतात तर काय, ‘कुवाबारा’ लिहिलेल्या दोन पाट्या! एक म्हाताऱ्याच्या हातात, एक तरुण बाईच्या. दोघं एकमेकांकडे बघायचं कटाक्षाने टाळत होते.

"कुवाबारासान ना? मी मूळ शिजिमियाचा. या, या!"

"कुवाबारासान! मी अस्सल शिजिमियाची. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"अहो, पण मी तर राहू द्या म्हणालो होतो," ते म्हाताऱ्याला कसंबसं म्हणाले.

"तर! राहू दिलीय की खोली. मालकीणबाईंनी गालिचासुद्धा बदलला तुमच्यासाठी."

आता काय करावं, हे सुचेपर्यंत एक बॅग म्हाताऱ्याने उचलली होती आणि दुसरी त्या बाईने. ओढाताण करायची कुणाचीच रीत नव्हती. "तुम्ही व्हा पुढे, आम्ही मागाहून येतो," असं कुवाबारासान म्हाताऱ्याला म्हणाले, आणि म्हातारा खुशीत निघून गेला. गाडी वळली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की गेलेली बॅग हिरवी होती. म्हणजे तोकिकोची. तिची ती टरफलं भरलेली छोटी उशीही तिच्यातच होती, आणि त्या उशीशिवाय तिला कुठेही झोप लागत नसे.

"माझी बॅग?" अस्सल शिजिमियात पोचल्यावर तोकिकोने विचारलंच.

"येतेय मागून."

"मागून म्हणजे?"

"तशीच पद्धत आहे इथली."

तोकिकोने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण तेवढ्यात खिडकीबाहेर मावळतीचं तळं दिसलं आणि ती खिडकीशीच जाऊन बसली. कुवाबारासानना वाटलं, आता बॅग तेवढी आणली की जिंकलो. पण लगोलग जेवणाची ताटं आली. तळलेले बारीक मासे, ईल मासा, शिंपल्यांचं सार, काय न् काय. तोकिको मन लावून जेवली. कुवाबारासानही जेवले. आधी नाही म्हणायला जागा नव्हती, आणि मग पोटात.

"मी जरा झऱ्यात डुंबून येतो," ते उठत म्हणाले.

"ओव्हरकोट घालून?"

"थंडी आहे ना."

अंगात अस्सल शिजिमियाचा निळ्या लाटांचा सुती किमोनो होता. तो घालून मूळ शिजिमियात जाणं म्हणजे मालकीणबाईंच्या तोंडावर थुंकण्यासारखं. म्हणून तो ओव्हरकोट. गळ्यापर्यंत बटणं लावून आणि खडावा खडखडवत ते मधली जागा ओलांडून गेले. बॅग घ्यायची, माफी मागायची, परत यायचं, एवढाच बेत होता.

मालकीणबाई स्वागताला दारातच जमिनीवर कपाळ टेकवून बसल्या होत्या.

"केव्हापासून वाट बघतोय! फिरायला गेला होतात ना तळ्यावर? ताटं वाढलेलीच आहेत. मासा खास तुमच्यासाठी कापलाय. बाईसाहेब?"

"येतेय मागून," कुवाबारासानच्या तोंडून निघून गेलं.

माणूस भित्रा असला की त्याचं पोट शूर व्हावं लागतं. ते पुन्हा जेवायला बसले. पुन्हा तळलेले मासे, पुन्हा ईल, पुन्हा सार. समोर तोकिकोचं ताट निवत होतं, आणि अन्न टाकलं तर मालकीणबाईंचा जीव तुटेल म्हणून अधूनमधून ते त्यातलंही एकेक उचलत होते.

"कोट काढा ना, शेगडी आहे जवळ," मालकीणबाई म्हणाल्या.

"नको, मला जरा कणकण आहे."

"मग सार घ्या आणखी! कणकणीवर फार चांगलं."

घाम टपटप गळत होता. तिसरी वाटी संपवून कुवाबारासान देवाचं नाव घेत होते, तेवढ्यात दार सरकलं. दारात तोकिको उभी. अंगात निळ्या लाटांचा किमोनो, उघड उघड, वरून काहीसुद्धा नाही.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "जिन्याच्या खिडकीतून दिसलात. पोट धरून कोण जातं हो आंघोळीला?"

"तोकिको, ते मी... फोनवर मी राहू द्या म्हणालो, आणि यांनी..."

"माहितीय मला. परवा यांचा फोन आला होता घरी, खोलीचं नक्की ना म्हणून. तुम्ही इतके दिवस नकाशे घेऊन बसला होतात. म्हटलं, दोन ठिकाणी खोल्या झाल्यात, एवढी एक चूक आपण गुपचूप निस्तरू. मीच यांना सांगितलं की राहू द्या."

"हो की!" मालकीणबाई म्हणाल्या. "दोघंही राहू द्या म्हणालात, मग राहू दिली. आणखी किती नक्की करायचं माणसाने?"

तोकिकोने कपाळावर हात मारला. मालकीणबाईंची नजर आता त्या निळ्या लाटांवर पडली होती. क्षणभर त्यांचे ओठ घट्ट मिटले. मग त्या उठल्या आणि त्यांनी शेगडी तोकिकोच्या बाजूला सरकवली.

"त्यांच्याकडचं पाणी कोमटच असतं. गारठला असाल. बसा."

तोकिकोने बसून जेवायच्या काड्या उचलल्या. कुवाबारासाननी अखेर कोट काढला. मान खाली घालून ते आपल्या ताटाकडे बघत राहिले.

"तळ्याकडची खिडकी हवी होती तुला," ते पुटपुटले. "गाडीतून जाताना म्हणाली होतीस. म्हणून हे सगळं."

तोकिकोच्या हातातल्या काड्या थांबल्या. "ते तुमच्या लक्षात होतं?"

"एवढंच लक्षात होतं. बाकी सगळं चुकलं." त्यांनी मोठा श्वास घेतला. "मग आता मित्सुकोबरोबर..."

"ते राहू दे," तोकिको म्हणाली.

कुवाबारासानचा पुरता गोंधळ उडाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी धीर करून विचारलं, "राहू दे म्हणजे राहू दे, की राहू दे?"

"म्हणजे नको!" तोकिको ओरडलीच, आणि मग तिला हसू आवरेना. "नको, नको, नको! उद्याच कळवते तिला. वसंतात आपण दोघं जाऊ. ठिकाण तुम्हीच निवडा, फोन तेवढा मी करीन."

"तू?" कुवाबारासान म्हणाले. "तू तरी काय वेगळं बोललीस?"

मालकीणबाई हसता हसता डोळे पुसत भाताचं भांडं घेऊन पुढे झाल्या. "बरं, शेवटचा भात वाढू ना?"

"राहू द्या!" दोघं एकदम म्हणाले.

आणि मालकीणबाईंनी दोघांपुढे काठोकाठ भरलेला एकेक वाडगा ठेवला.