भेवानं वाचलेले तुळशीरामभाऊ

स्वतःच्या भित्रेपणाची जाहिरात करत हिंडणारा माणूस मी खामगावात एकच पाहिला. आमचे शेजारी तुळशीरामभाऊ, सरकीचे दलाल. आखाड्यावर पाहुणे म्हणून बोलावलं, तर तिथंही पैलवानांना सांगून आले, "भेत जा बे पोट्टेहो. मी भेवानंच वाचलो."

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. छातीत कळ आली म्हणून भाऊ दवाखान्यात गेले आणि तपासायच्या टेबलावरच त्यांचं हृदय बंद पडलं. शहरातून नव्यानं शिकून आलेल्या डॉक्टरांनी छाती दाबली, ॲड्रेनलिनची सुई थेट हृदयात टोचली आणि भाऊ परतले. पुढे डॉक्टरांनी समजावलं, की हृदय थांबलं की शरीर भेदरतं, आणि भीतीनं सुटणारा रस रक्तात एरवीच्या कितीतरी पट चढतो. सुईतही तोच होता. भाऊंनी यातलं एवढंच घेतलं, की आपण भेकड आहोत आणि ते फार बरं आहे.

पण मधल्या त्या घटकेत घोटाळा झाला होता. कंपाउंडर रडवेला होऊन बाहेर आला. भाऊंची थोरली बहीण मुळातच उतावळी. तिनं काही न विचारता पायरीवरच वहिनींच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आत नवरा जिवंत, बाहेर बायको विधवा. नाडी लागल्याचं सांगायला डॉक्टर आले, तेव्हा पायरीवर काचा पडल्या होत्या.

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी हिरवा चुडा भरला. तरी बायकांच्या मनातून ते जाईना. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं एकाही घरून आलं नाही. भाऊंना शरमेनं मान वर करवेना. शेवटी टोपी चढवून स्वतःच निघाले, वहिनींना मागे घेऊन. दारोदार उभे राहायचे आणि जमिनीकडे बघत म्हणायचे, "मी जित्ता हाये. पाहून घ्या." मग वहिनी आत, भाऊ पायरीवर. गल्ली पोट धरून हसली, पण वहिनींना बोलावू लागली.

भाऊ मात्र दर संक्रांतीला सोबत जातातच. यंदा आमच्या पायरीवर बसले होते. मी थट्टेनं विचारलं, मरणाला एवढे का भ्यालात?

"मरनाले कोन भेते, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "मले समदं ऐकू येऊन राह्यलं होतं. बाहेर बांगड्या फुटल्या, तवा भेलो. माह्यापायी तिचे हात उघडे पडले. आजबी तिच्या तोंडाकडे पाहवत नाही."

आत वहिनींच्या बांगड्या वाजल्या. भाऊ तिकडे कान लावून त्या पुन्हा वाजेपर्यंत तसेच बसून राहिले.